काळ्या मातीतला अपधाव: मॉडेल चार, आकडे चार, धरायचा कोणता?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पावसाचे किती पाणी अपधाव होऊन, म्हणजे जमिनीवरून वाहून, नाल्यात येईल? यवतमाळ जिल्ह्यातले १०० हेक्टरचे पाणलोट. माथ्यावर बरड, खाली काळी भारी जमीन. कपाशी, तूर, सोयाबीन. नाल्यावर १० मीटर सांडव्याचा सिमेंट बांध आणि वरच्या बाजूला काही शेततळी घ्यायची आहेत. ९०० मिमी मोसमी पावसाला स्ट्रेंजच्या तक्त्याने २१८ टीसीएम, म्हणजे २१८ हजार घनमीटर पाणी दाखवले. हेक-एचएमएस या सॉफ्टवेअरने दाखवले ८६०. कर्व्ह नंबर (माती, पीक आणि मशागतीवरून ठरणाऱ्या एका आकड्याने अपधाव काढण्याची पद्धत; आकडा १०० च्या जितका जवळ तितके पाणी जास्त वाहते) आणि स्वॅट (खोऱ्यांसाठीचे मॉडेल) यांचे आकडे मधे कुठेतरी. यातले खरे कोणते?

आधी ते ८६० बाजूला काढू, कारण त्यात मॉडेलचा दोष नाही. १०० हेक्टरवर १ मिमी पाणी म्हणजे बरोबर १ टीसीएम. म्हणजे पडलेल्या ९०० मिमीपैकी ८६० वाहून गेले, आणि पीक, माती, ऊन या सगळ्यांनी मिळून चार महिन्यांत फक्त ४० मिमी घेतले. हे होणे नाही. झाले असे असणार की एचएमएसमध्ये कर्व्ह नंबरची पद्धत निवडून जून ते सप्टेंबर अशी सलग धाव दिली. ही पद्धत एकेका पावसासाठी आहे. दोन पावसांमधल्या उघडिपीत जमीन वाळते आणि पुन्हा पाणी प्यायला तयार होते, हे तिला ठाऊक नाही. ती पाऊस बेरजेत धरत जाते आणि जुलैनंतर पडेल तो थेंब नाल्यात ढकलते. ९०० मिमी एकाच दिवशी पडला असे समजून कर्व्ह नंबर ८८ ने सूत्र सोडवा, उत्तर ८६० च्या आसपासच येते. एचएमएसमध्ये सलग हंगाम चालवायचाच असेल तर तूट भरून काढणारी 'डेफिसिट अँड कॉन्स्टंट' किंवा मृदा-ओलाव्याचा हिशोब ठेवणारी पद्धत घ्या. नाहीतर एकेक पाऊस सुटा चालवा.

स्ट्रेंजचा तक्ता १८९२ चा, आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या पाण्याच्या नोंदींवरून काढलेला. पाणलोट चांगले, मध्यम की वाईट एवढे ठरवायचे आणि हंगामाच्या एकूण पावसावरून टक्केवारी वाचायची. ९०० मिमीला मध्यम पाणलोटाचे साधारण २४ टक्के येतात, तेच तुमचे २१८. 'चांगले' धरले तर साधारण २९०, 'वाईट' धरले तर १४५. मध्यम म्हणजे चांगल्याचे पाऊण आणि वाईट म्हणजे निम्मे, एवढाच त्यातला फरक. म्हणजे टेबलाशी बसून एक शब्द बदलला की पाणी दुप्पट होते. शिवाय ९०० मिमी वीस झडींत आला की सहा दणक्यांत, हे या तक्त्याला कळत नाही, आणि आपल्याकडे सगळा खेळ तिथेच आहे. प्राथमिक अंदाजपत्रकाला आणि दुसऱ्या पद्धतीचा ताळा घ्यायला तो ठीक आहे. शेततळ्यांची संख्या त्यावर ठरवू नका.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला दोन वेगळे आकडे हवे आहेत आणि ते एकाच मॉडेलकडे मागू नयेत. शेततळी भरतील का, हा घनफळाचा प्रश्न. सांडव्यावरून सगळ्यात मोठा लोंढा किती उंचीने जाईल, हा शिखर विसर्गाचा प्रश्न. पहिल्याला दिवस-दिवसाचा पाऊस पुरतो. दुसऱ्याला अर्ध्या तासाचा जोर लागतो.

घनफळासाठी १०० हेक्टरच्या नाल्याला रोजच्या पावसावर चालवलेला कर्व्ह नंबर बाकी तिघांपेक्षा बरा. एक्सेलच्या शीटमध्ये होतो आणि कुठे चुकले ते दिसते. पण अमेरिकन पुस्तकातला जसाच्या तसा नको. मूळ सूत्रात सुरुवातीची तूट ०.२ एस धरतात (एस म्हणजे जमिनीची पाणी धरून ठेवण्याची कमाल क्षमता, २५४०० ÷ कर्व्ह नंबर − २५४, मिमीमध्ये). भारतासाठी कृषी मंत्रालयाच्या १९७२ च्या पुस्तिकेत काळ्या मातीला वेगळी सूत्रे दिली आहेत. माती मध्यम ओली किंवा पूर्ण ओली असेल तर

अपधाव = (पाऊस − ०.१ एस)² ÷ (पाऊस + ०.९ एस)

आणि कोरडी असेल तर

अपधाव = (पाऊस − ०.३ एस)² ÷ (पाऊस + ०.७ एस)

बाकी मातींना तिन्ही अवस्थांत हेच दुसरे, ०.३ एसचे सूत्र. पाऊस कंसातल्या वजाबाकीच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर अपधाव शून्य. हे शीटमध्ये अट घालून लिहा, नाहीतर उण्या संख्येचा वर्ग होऊन ५ मिमीच्या भुरभुरीतही पाणी वाहू लागते.

हे किती फिरते ते ७० मिमीच्या एका पावसावर पाहा. काळी माती जलगट 'डी' (सगळ्यात कमी पाणी मुरवणारा गट), समतल मशागत पण स्थिती वाईट, म्हणून मध्यम ओलाव्याचा कर्व्ह नंबर ८८. एस येतो ३४.६ मिमी आणि अपधाव ४४ मिमी. तीच जमीन कोरडी असेल तर कर्व्ह नंबर ७६ वर उतरतो, एस ७९ होतो आणि अपधाव फक्त १७ मिमी. झडीने फुगलेली असेल तर कर्व्ह नंबर साडेचौऱ्याण्णव आणि अपधाव ५६. शेत तेच, पाऊस तोच, पाणी १७ टीसीएम किंवा ५६. मॉडेल बदलून तुम्हाला जेवढा फरक पडला त्याच्या तोडीचा फरक जमिनीच्या अवस्थेनेच पडतो. म्हणून कोणते मॉडेल हा प्रश्न दुसरा. त्या दिवशी माती कशी होती हा पहिला.

कोरड्या अवस्थेतली ती ०.३ एस, म्हणजे जवळपास २४ मिमीची तूट कुठे जाते? भेगांत. मृगाच्या आधी भारी जमिनीत जाऊन मोजा. समजा भेगा वर २ सेंटीमीटर रुंद, खाली ६० सेंटीमीटरवर निमुळत्या होऊन मिटलेल्या, आणि दोन भेगांमध्ये अर्ध्या मीटरचे अंतर, आडवे-उभे दोन्हीकडे. एका चौरस मीटरमध्ये ४ मीटर लांबीची भेग झाली. प्रत्येक मीटरला ६ लिटर पोकळी, एकूण २४ लिटर, म्हणजे २४ मिमी. सूत्रातला आकडा आणि रानातली भेग इतकी तंतोतंत जुळणे हा माझ्या उदाहरणाचा योग आहे, पण प्रमाण खरे आहे. तुमच्या शिवारात भेगा याहून खोल आणि दाट असतील तर तूट याहून जास्त धरा. बरडावर भेगा नसतातच, तिथे हा हिशोब लावू नका.

गडबड होते ती अवस्था ठरवण्याच्या नियमात. पुस्तकी नियम मागच्या पाच दिवसांच्या पावसाचा: पीक उभे असताना ३६ मिमीपेक्षा कमी तर कोरडी, ३६ ते ५३ मध्यम, ५३ च्या वर ओली. काळ्या मातीत हा नियम दोन्ही टोकांना फसतो. जूनमध्ये तीन सरींत ६० मिमी पडला की नियम म्हणतो पूर्ण ओली. प्रत्यक्षात पाणी भेगांतून तळाशी गेलेले असते, वरच्या थराखाली ढेकळे कोरडी आणि भेगा अजून उघड्या. उलट ऑगस्टची झड संपून आठ दिवस ऊन पडले की नियम म्हणतो कोरडी. पण खालचा थर फुगलेला, भेगा मिटलेल्या, आणि पुढच्या पावसाला नाला लगेच फुगतो. व्यवहारात असे करा: भेगा मिटेपर्यंत नियम काहीही सांगो, कोरडीच धरा. एकदा मिटल्या की सप्टेंबरअखेरपर्यंत मध्यमच्या खाली जाऊ नका, मात्र दोन-अडीच आठवड्यांची ओढ पडून पुन्हा बारीक भेगा दिसू लागल्या तर पुन्हा कोरडीवर या. भेगा कधी मिटल्या हे गावातला कोणताही शेतकरी तारखेनिशी सांगतो, कारण त्याची पेरणी आणि डवरणी त्यावरच चालते.

रोजच्या पावसाच्या आकड्यातही एक खोच आहे. पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या सकाळी ८:३० असा मोजतात. पहाटे सहाला सुरू झालेला ७० मिमीचा पाऊस अकराला थांबला तर नोंदवहीत ३५ आणि ३५ असा दोन दिवसांत जातो. मध्यम ओलाव्यात ३५ मिमीचे १५ मिमी पाणी येते. दोन दिवसांचे ३०. एकत्र धरले असते तर ४४. मोठ्या पावसाच्या शेजारच्या दिवशीही मोठा आकडा दिसला तर स्वयंचलित केंद्राची तासागणिक नोंद पाहून जोडून घ्या. महसूल मंडळाचा पर्जन्यमापक तुमच्या नाल्यापासून दहा-बारा किलोमीटरवर असू शकतो, आणि जूनचा वादळी पाऊस एका शिवारात धो धो पडून शेजारच्या शिवारात धूळही बसवत नाही. हवामान खात्याचा ०.२५ अंशांचा ग्रिड पाऊस तर २५-२७ किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी. त्यात दणके बोथट होतात आणि भुरभुरीचे दिवस वाढतात. वर्षाची बेरीज जवळपास जुळते, अपधाव मात्र कमी येतो. मंडळात ६५ मिमीच्या वर गेलेले, म्हणजे अतिवृष्टीचे म्हणून नोंदलेले दिवस तेवढे तरी हाताने तपासा. हंगामाचे बरेचसे पाणी त्या मोजक्या दिवसांतच येते.

बरड आणि भारी जमिनीचा कर्व्ह नंबर सरासरी काढून एकच धरू नका. सूत्राचा आलेख सरळ रेषा नाही, वाकडा आहे. दोन भागांचे अपधाव वेगळे काढून मग क्षेत्राच्या प्रमाणात मिळवा. छोट्या पावसात हा फरक फार मोठा असतो.

मग २०-२५ वर्षांचे वार्षिक अपधाव काढून उतरत्या क्रमाने लावा. २३ वर्षे असतील तर १८ वा आकडा ७५ टक्के भरवशाचा, म्हणजे चारपैकी तीन वर्षे निदान एवढे पाणी येते. आधी ७५ टक्के भरवशाचा पाऊस काढून त्याचे अपधाव करण्याची पद्धत सोपी वाटते, पण चुकीची: कमी पावसाच्या वर्षातही दोन मोठे दणके असतील तर नाला चांगला वाहतो.

शेततळ्यांचे पाणी त्यातून वजा होते हेही लक्षात ठेवा. ३० × ३० × ३ मीटरचे, दीडास एक उताराचे तळे १९७१ घनमीटर धरते. अशी दहा तळी एकदा भरली तर साधारण २० टीसीएम, म्हणजे २० मिमीचा अपधाव खाली बांधापर्यंत पोहोचतच नाही. कोरड्या अवस्थेतल्या ७० मिमीच्या पावसाने जेवढे पाणी आले असते त्याहून हे जास्त. बांध आणि तळी दोन्ही एकाच पाण्यावर दाखवलेली अंदाजपत्रके खूप दिसतात.

आता शिखर विसर्ग. इथे लहान पाणलोटाला रॅशनल सूत्र अजून पुरते: विसर्ग = सी × जोर × क्षेत्र ÷ ३६० (सी म्हणजे पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा, जोर मिमी प्रति तास, क्षेत्र हेक्टर, उत्तर घनमीटर प्रति सेकंद). चूक होते ती जोरात. दिवसाचे ७० मिमी २४ ने भागून २.९ मिमी प्रति तास घालणारे लोक आहेत. त्यावरून सी ०.६ धरून अर्धा घनमीटरही विसर्ग येत नाही. जोर हा पाणी एकवटण्याच्या काळाचा, म्हणजे सगळ्यात दूरचे पाणी बांधापर्यंत यायला लागणाऱ्या वेळेचा हवा. नाल्याची लांबी १५०० मीटर आणि उतार ३० मीटरचा असेल तर किरपिचच्या सूत्राने २४-२५ मिनिटे येतात. नागपूरसाठीच्या जोर-कालावधी सूत्राने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाचा एवढ्या वेळेचा जोर साधारण ११२ मिमी प्रति तास. विसर्ग झाला १८.७ घनमीटर. सांडवा १० मीटरचा, सूत्र विसर्ग = १.७ × लांबी × उंची^१.५; पाणी सांडव्यावरून १ मीटर ७ सेंटीमीटर उंच जाईल. आधीच्या चुकीच्या जोराने हेच ९ सेंटीमीटर निघाले असते, आणि पहिल्या मोठ्या पावसात बांधाचे खांदे धुऊन गेले असते. सिमेंट बांध फुटतो तो बहुधा मधून नाही, बाजूने माती खरडून फुटतो, आणि त्यामागे असाच एखादा आकडा असतो.

किरपिचबद्दल एक सूचना. ते सूत्र १९४० चे, अमेरिकेतल्या टेनेसीच्या छोट्या, ३ ते १० टक्के उताराच्या पाणलोटांवरचे. आपल्या सपाट शेतांवर पाणी सऱ्यांत आणि धुऱ्यांशी रेंगाळते, त्यामुळे खरा काळ जास्त आणि शिखर कमी. सांडव्यासाठी ही चूक सुरक्षित बाजूची आहे, म्हणून चालवून घेता येते. डिकेन्सचे पुराचे सूत्र १ चौरस किलोमीटरला नुसता गुणांकच देते, मध्य भारतासाठी १४ ते २८, आपले १८.७ त्यात बसते. ताळ्याला एवढे पुरे.

एचएमएसची खरी किंमत इथे, पण पाणलोट पाच-सहा तुकड्यांत विभागायचे असेल, वर जुने माती नाला बांध असतील आणि ते लोंढा किती अडवतात हे पाहायचे असेल तेव्हा. दोन सवयी ठेवा. सुरुवातीच्या तुटीची जागा रिकामी सोडली तर सॉफ्टवेअर स्वतःहून ०.२ एस घेते. काळ्या मातीला ०.१ किंवा ०.३ एस हाताने भरा. आणि गणनेचे अंतर (मॉडेल किती मिनिटांनी हिशोब करते ते) लॅगच्या, म्हणजे पाऊस आणि शिखर यांमधल्या वेळेच्या, २९ टक्क्यांपेक्षा मोठे ठेवू नका. एकवटण्याचा काळ साडेचोवीस मिनिटे, लॅग त्याच्या ०.६ पट म्हणजे पावणेपंधरा मिनिटे. अंतर चार मिनिटांच्या आत हवे. १५ मिनिटे ठेवली की शिखराचा शेंडाच कापला जातो आणि आलेख मात्र छान गुळगुळीत दिसतो.

स्वॅट १०० हेक्टरच्या नाल्यासाठी नको. ते अमेरिकेच्या कृषी खात्याचे, मोठ्या खोऱ्यासाठी आणि वर्षानुवर्षांच्या धावेसाठी. पीक बदलले, रुंद वरंबा सरी आली, तळी वाढली तर दहा वर्षांत नदीचे काय होईल, असा प्रश्न असेल तर घ्या, तेही खाली विसर्ग मोजणारे केंद्र असेल तरच. तुमच्या धावेत बहुधा तीन गोष्टी राहिल्या असतील. पहिली, भेगांतून पाणी जाण्याची सोय स्वॅटमध्ये आहे, पण ती मुळात बंद असते. भारी मातीला ती चालू करून भेगांचे घनफळ भरावे लागते. दुसरी, ओलाव्यानुसार कर्व्ह नंबर बदलण्याची त्याची नेहमीची पद्धत उथळ जमिनीत अपधाव फुगवते. माथ्यावरच्या वीतभर बरडाला वनस्पतींच्या बाष्पोत्सर्जनावर चालणारी दुसरी पद्धत बरी. तिसरी, पहिली दोन-तीन वर्षे मॉडेलला रुळायला द्यायची आणि ती निकालात धरायची नाहीत. आणि मोठ्या नदीवरच्या केंद्राशी नॅश-सटक्लिफ (मोजलेला आणि मॉडेलचा विसर्ग किती जुळतो याचा गुण, १ म्हणजे पूर्ण) ०.७ आला म्हणून तुमच्या नाल्याचा आकडा खरा ठरत नाही. हजारो हेक्टरांच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

पाणलोटाची हद्द उपग्रहाच्या ३० मीटर उंची-नकाशावरून काढली असेल तर रानात फिरून ताडा. यवतमाळच्या उंचसखल भागात ती बरीचशी जुळते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या सपाटीत, जमिनीचा उतार नकाशाच्या चुकीपेक्षा लहान असतो. तिथे हद्द खरोखर ठरवतात ते पांदण, रस्त्याचा भराव, कालव्याचा काठ आणि एखादी बुजलेली मोरी. शिवाय तिथली सोडियमयुक्त माती पाणी मुरू देत नाही. पाणी साचते पण नाल्यापर्यंत वेळेत येत नाही, म्हणून घनफळ बरोबर येऊनही मॉडेलमधले शिखर खऱ्यापेक्षा फार मोठे निघते. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांना तर कर्व्ह नंबर लावूच नये. बांधी काठोकाठ भरेपर्यंत अपधाव शून्य आणि नंतर जवळपास सगळा. ती साठ्याची गणिते आहेत.

तुमच्या नाल्यावर वर किंवा खाली एखादा जुना सिमेंट बांध असेल तर एका हंगामात चारही मॉडेलांपेक्षा चांगले उत्तर तो देईल. सांडव्याच्या काठावर नव्हे, तर वरच्या बाजूला, येईल त्या पाण्याच्या उंचीच्या तीन-चार पट अंतरावर मोजपट्टी रंगवा. काठावर पाणी वाकून खाली उतरते आणि उंची कमी वाचली जाते. शून्य सांडव्याच्या पातळीला. पाऊस सुरू असताना दर १५ मिनिटांनी वाचन. १० मीटर सांडव्यावर २० सेंटीमीटर पाणी १५ मिनिटे गेले तर साधारण १३७० घनमीटर, ५० सेंटीमीटर गेले तर ५४००. त्या पावसाची बेरीज करा, बांध भरायला लागलेले पाणी मिळवा, पाणलोटाच्या क्षेत्राने भागा. खालच्या बाजूचे पाणी चढून सांडवा बुडाला असेल तर ते वाचन टाकून द्या, सूत्र तिथे लागू नाही.

समजा मध्यम ओल्या जमिनीवर ७० मिमी पाऊस झाला आणि अपधाव निघाला ३० मिमी. वरच्या ०.१ एसच्या सूत्रात उलटे सोडवले की एस ६९.५ आणि कर्व्ह नंबर साडेअठ्ठ्याहत्तर येतो. तक्त्यात ८८ होते. म्हणजे तळी, धुरे आणि डवरणीच्या सऱ्यांनी मधेच बरेच पाणी धरले. हंगामात असे चार-पाच पाऊस मिळाले की भेगा उघड्या असतानाचे आणि मिटल्यानंतरचे असे दोन कर्व्ह नंबर हाती येतात, ते शीटमध्ये घाला. यात २५-३० मिमीच्या खालचे पाऊस घेऊ नका. छोट्या पावसात नाल्याला जे थोडे पाणी येते ते रस्त्यावरून आणि नाल्याच्या काठच्या पट्ट्यातून आलेले असते, आणि त्यावरून काढलेला कर्व्ह नंबर पंचाण्णवच्या वर जाऊन बसतो.